तळ्यांच्या आधीची घरं

गोरेगाव स्टेशनच्या पूर्वेला उतरून आरेच्या बसमध्ये बसलं की द्रुतगती महामार्ग ओलांडेपर्यंत मुंबई असते, आणि मग झाडं सुरू होतात. दिनकरराव देसाई मार्ग नावाचा हा रस्ता आरे वसाहतीतून वळणं घेत पवईला पोचतो. मुंबईकर तो बहुतेक करून दुसरीकडची गर्दी चुकवण्यासाठी वापरतात. मला मात्र रस्त्याच्या दोन्ही अंगांना आत शिरायचं होतं. उत्तरेला विहार तलाव आहे, त्याच्या वर डोंगरात तुळशी, आणि रस्ता उतरतो तिथे पवई. या तीन तळ्यांच्या आसपास वारली, मल्हार कोळी, कातकरी, दुबळा आणि कोकणा लोकांचे पाडे आहेत. ही माणसं तळ्याकाठी राहायला आली, असं आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात माणसं आधीपासून होती. तळी मागाहून आली.

तिन्ही तळी बांधलेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई बेट विहिरी आणि टाक्यांवर जगत होतं. उन्हाळा लांबला की विहिरी आटत आणि साथी पसरत. १८४५ साली लोकांनी पाण्यासाठी उघड निदर्शनं केली, तेव्हा सरकारने समिती नेमली. पुढे पावसाने ओढ दिली तेव्हा गुरं बेटाबाहेर हलवण्याची आणि गाडीने, होडीने पाणी आणून विहिरींत ओतण्याची वेळ आली. हेन्री कॉनीबिअर या अभियंत्याने बेटाबाहेर, साष्टीच्या डोंगरात, मिठी नदीच्या उगमाशी पाणी अडवण्याची योजना मांडली. १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६० मध्ये विहारचं पाणी मुंबईत पोचलं. शहराला नळ मिळाला तो या तळ्यामुळे. मग तहान वाढतच गेली. विहारच्या वर तासो नदीवर १८७९ मध्ये तुळशी तलाव बांधून झाला. तानसा धरणाचं मोठं काम चालू असताना पुन्हा टंचाई आली, म्हणून १८९० मध्ये घाईघाईने पवईचं तळं बांधलं. त्यावर १२ लाख ५९ हजारांच्या आसपास रुपये खर्च झाले आणि पाणी पिण्याजोगं निघालं नाही. आजही पवईचं ५४५ कोटी लिटर पाणी कारखान्यांना आणि आरेच्या गोठ्यांना जातं, घरात जात नाही.

विहार तलाव २,७६९ कोटी लिटरचा आहे आणि त्याचं पाणी सव्वासात चौरस किलोमीटरवर पसरतं. १८५६ पूर्वी तिथे जमीन होती: भाताची खाचरं, ओढे, गुरचरण, आणि ज्याच्या नावाने तळं ओळखलं जातं त्या विहार गावाची शीव. आरेच्या जुन्या महसुली कागदांत आजही विहार, साई, गुंडगाव, पासपोली, मरोळ-मरोशी अशी गावं आहेत. नकाशावर ती शोधायला गेलात तर त्यांतल्या कित्येकांच्या जागी पाणी, गोठे किंवा राखीव जंगल दिसेल. धरणाखाली गाव जाण्याची गोष्ट महाराष्ट्राला कोयना, उजनी, जायकवाडीमुळे ठाऊक आहे. ती गोष्ट मुंबईच्या उपनगरात शंभर वर्षं आधी घडून गेली होती, याची आठवण फारशी कोणी ठेवलेली नाही. विस्थापितांची यादी करायची पद्धतच तेव्हा नव्हती.

या डोंगरात पाणी अडवण्याची अक्कल मात्र त्याहूनही फार जुनी आहे. तुळशीच्या उत्तरेला कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत आणि तिथे जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दारात पोढी, म्हणजे कातळात कोरलेलं टाकं आहे. छतावरचं पावसाचं पाणी पन्हळीने त्यात उतरतं. डोंगरावर शेकडो भिक्षू राहत, ते त्या पाण्यावर. कुणाची जमीन न बुडवता केलेली ही व्यवस्था कितीतरी शतकं चालली. मला कान्हेरीत शिल्पांपेक्षा त्या पन्हळी पाहायला अधिक आवडतात.

आरेत सत्तावीस पाडे मानले जातात. केलटीपाडा, दामूचा पाडा, चाफ्याचा पाडा, वणीचा पाडा, खांबाचा पाडा, नवसाचा पाडा, जीवाचा पाडा अशी त्यांची नावं. मुख्य रस्त्यावरून ते दिसत नाहीत. गोठ्यांच्या मागून एखादी डांबरी वाट उतरते, मग ती मातीची होते, बांबूच्या बेटाला वळसा घालते, आणि समोर घरं येतात. गणपती नुकतेच होऊन गेले होते. भात पोटरीला आलं होतं, काकडीचे आणि शिराळ्याचे वेल मांडवावर चढले होते. घरांच्या आजूबाजूला केळी, शेवगा, आंबा, फणस, अळूचा वाफा. इथल्या बाया पावसाळ्याच्या सुरुवातीला शेवळं, टाकळा, कुर्डू, कोरल आणि मग कंटोळी घेऊन गोरेगाव, अंधेरीच्या बाजारात बसतात. उपनगरातल्या ज्या घरांत शेवळांची भाजी अजून होते, त्यांची शेवळं बहुधा याच डोंगरातली असतात.

एका ओट्यावर आजी तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, आतून तांब्या आणवला आणि "बस, पाणी पी आधी" म्हणाल्या. त्यांचं घर तीन काळांत बांधलेलं होतं, आणि ते तिन्ही काळ भिंतींत दिसत होते. मागचा चुलीचा भाग कुडाचा, पुढची खोली विटांची, बाजूला मुलाने काढलेली खोली पत्र्याची.

कुडाच्या भिंतीपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. वारली घराची ही खरी भिंत. आधी लाकडाच्या मेढी पुरायच्या, त्यांवर आढं आणि वासे चढवायचे. छपराचं वजन सगळं मेढींवर. भिंत वजन उचलत नाही, ती फक्त आडोसा करते. म्हणून ती काठ्यांची चालते. काठी कारवीची. कारवी हे सह्याद्रीतलं झुडूप आठ वर्षांतून एकदा फुलतं. या डोंगरात ते २०१६ मध्ये फुललं आणि मग २०२४ मध्ये. फुलून बी पडलं की झुडूप वाळतं आणि डोंगरभर सरळ, हलक्या, चिवट काठ्या उभ्या राहतात. त्या आणून शेजारी शेजारी उभ्या लावायच्या, आडव्या बांबूच्या कामट्यांना वेलीने किंवा वाखाने आवळायच्या, आणि दोन्ही अंगांनी माती, शेण आणि भाताचा तूस कालवून लिंपायचं. छपराला गवत किंवा पेंढा, नंतरच्या पिढीत मंगलोरी कौलं. पावसाच्या तोंडाला झावळ्यांचं तट्टं. अशी भिंत हवा घेते. चुलीचा धूर तिच्यातून आणि छपरातून हळूहळू निघून जातो, आणि जाता जाता वाशांना कीड लागू देत नाही. दर वर्षी पावसाळ्यानंतर ती पुन्हा लिंपावी लागते. घराची डागडुजी हे इथे दसऱ्या-दिवाळीआधीचं नेमाचं काम.

आत अंधार असतो आणि तो मुद्दामच असतो. उन्हातून आलेल्या माणसाला त्यात थंडावा मिळतो. एका कोपऱ्यात बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली कणगी असे, तिच्यात वर्षाचं भात. वर माळा, त्यावर टोपल्या, मासे धरायच्या खोईनी, पुढच्या वर्षाचं बियाणं. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने लग्नचौक काढायचा. तो सवाशिणींनी काढायचा, मध्ये पालघट देवी बसवायची, आणि धवलेरीने गाणी म्हणत लग्न लावायचं. वारली चित्रं म्हणून आज आपण कपाटावर आणि पिशवीवर जी पाहतो, ती भिंतीवरची आहेत. कुडाची, शेणाने सारवलेली भिंत हाच त्यांचा कागद. आजींच्या पुढच्या खोलीत विटांच्या, गिलावा केलेल्या भिंतीवरही चौक होता. तो पांढऱ्या ऑइलपेंटने काढलेला, नातीच्या लग्नात. पिठीचा चौक पुढच्या सारवणात जातो, हा तसाच राहिला आहे, याचं आजींना बरं वाटत होतं.

मग कुडाची भिंत गेली कशी? लोकांना सिमेंटची हौस आली म्हणून गेली, असं शहरातला माणूस पटकन ठरवतो. खरं कारण जमिनीच्या मालकीत आहे. १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. मुंबईतल्या गल्लीबोळांतले म्हशींचे तबेले हलवायचे आणि शहराला स्वच्छ दूध द्यायचं, ही तिची कल्पना. दारा खुरोडी यांनी ती मनापासून राबवली. १६,००० जनावरं मावतील असे बत्तीस गोठे सुमारे ३,१६० एकरांत वसले आणि ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. खुरोडींना पुढे १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुंबईतल्या मुलांच्या दोन पिढ्या आरेच्या दुधावर वाढल्या, आणि त्या कामाचं मोल कमी करायचं कारण नाही. पण पाड्यांतली माणसं एका रात्रीत सरकारी जमिनीवर राहणारी ठरली. ज्या खाचरात आजोबांनी भात लावलं, ते खाचर आता दुग्धविकास खात्याचं. काहींच्या नावावर उतारे आहेत, पुष्कळांच्या नाहीत. त्यानंतर याच जमिनीतून तुकडे निघत गेले: चित्रनगरी, राज्य राखीव पोलीस दल, पशुवैद्यक महाविद्यालय, कुक्कुटपालन केंद्र, फोर्स वन. प्रत्येक वेळी कुंपण आलं आणि पाड्याची एक वाट बंद झाली.

विहारच्या वरच्या अंगाला राष्ट्रीय उद्यान झालं. तिथे लाकूड, कारवी, बांबू तोडायला बंदी आली, आणि कुडाची भिंत बांधायचं सामानच गुन्ह्याच्या यादीत गेलं. पक्कं बांधकाम करायलाही परवानगी नाही. मग उरतो पत्रा. तो बाजारात मिळतो, एका दिवसात लागतो आणि हटवायची पाळी आली तर काढून नेता येतो. आजींच्या मुलाची पत्र्याची खोली म्हणजे तिथल्या कायद्याची आजची अवस्था. भर दुपारी तिच्यात उभं राहवत नव्हतं. त्याच भिंतीच्या पलीकडे, कुडाच्या चुलखणात, आजी खुशाल स्वयंपाक करत होत्या.

पाण्याची गोष्ट तर अधिकच लागणारी आहे. विहार आणि तुळशी मिळून आज मुंबईच्या रोजच्या पाण्याचा अगदी थोडा वाटा उचलतात. मोठा भार भातसा आणि वैतरणेवर आहे. तरी ती शहराची स्वतःची तळी. त्यांच्या पाणलोटात राहणाऱ्या पाड्यांत मात्र नळ आणि वीज फार उशिरा आली, काही ठिकाणी अगदी अलीकडच्या वर्षांत. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांच्या शिवारातून शहराने नळ नेला, त्यांच्या बाया परवापरवापर्यंत विहिरीवर आणि झऱ्यावर हंडे भरत होत्या. परवानगी कोणाची घ्यायची, वन खात्याची, दुग्ध खात्याची की महापालिकेची, यात वर्षं गेली. मला यात कुठल्या एका अधिकाऱ्याचा दोष दिसत नाही. पाडे कुठल्याच खात्याला आपले वाटले नाहीत, हे मात्र दिसतं.

पाड्यांच्या वेशीवर वाघोबा असतो. दगड किंवा लाकडाची फळी, तिच्यावर वाघ, वर चंद्रसूर्य, शेंदूर. इथे पट्टेरी वाघ उरला नाही, बिबट्या आहे, आणि त्याची ये-जा रोजची. वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवतात. अंधार पडल्यावर मुलांनी एकटं बाहेर जायचं नाही, कचरा घराजवळ टाकायचा नाही कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांवर तो येतो, हे इथलं पोर चालायला लागल्यापासून शिकतं. तरीही हल्ले होतात. २०२१ साली आरेत ते लागोपाठ झाले तेव्हा पाड्यांत रात्र जागून काढावी लागली. जंगलाच्या शेजाराची किंमत कोण मोजतं, हे मुंबईत बसून बोलताना आपण विसरतो.

आरेचं नाव महाराष्ट्रभर पोचलं ते मेट्रोच्या कारशेडमुळे. प्रजापूर पाड्यातल्या कुटुंबांना जागा सोडून इमारतीत जावं लागलं. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली आणि दोन दिवसांत दोन हजारांहून अधिक झाडं गेली. विरोधात उतरलेल्या कॉलेजच्या मुलांबरोबर पाड्यांतल्या बाया होत्या. पुढच्या वर्षी राज्य सरकारने आरेतली ८०० एकरांहून अधिक जमीन राखीव वन करायचं ठरवलं. झाडांच्या दृष्टीने ही चांगली बातमी होती. पाड्यांत ती ऐकताना लोकांना पहिला प्रश्न पडला तो घरांचा, कारण राखीव वन म्हणजे काय हे त्यांनी शेजारच्या उद्यानात पाहिलं होतं.

रस्ता पुढे पवईकडे उतरतो. उजवीकडे मिठी नदी विहारच्या सांडव्यातून निघून मोरारजीनगरच्या खालून जाते. इथे ती ओढ्याएवढी आहे; पवईचं पाणी मिळाल्यावर मोठी होते आणि माहीमच्या खाडीपर्यंत अठरा किलोमीटर वाहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा शहराला कळलं की ही नदी आहे.

पवईच्या काठाचा इतिहास विहारहून वेगळा आहे. इथली जमीन १७९९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने डॉक्टर हेलेनस स्कॉट यांना भाडेपट्ट्याने दिली, आणि १८२९ च्या सुमारास ती फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे आली. पवई, तिरंदाज, साकी, पासपोली, कोपरी, तुंगवा ही गावं त्यात होती. फ्रामजींनी ऊस, तुती, फळबागा लावल्या, विहिरी खणल्या. १८३८ मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया राणीला मुंबईचे आंबे पाठवले, ते प्रसिद्धच आहे. धोबीतलावच्या ज्या टाक्याला त्यांचं नाव होतं, त्याचा खर्चही त्यांनी केला होता. पवईतल्या बागा मात्र पुढे तळ्याच्या आणि खाणींच्या पोटात गेल्या.

१९५८ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटीचं आवार तळ्याला लागून आहे; १० मार्च १९५९ रोजी नेहरूंनी तिथे कोनशिला बसवली. आवारात, अगदी पाण्याच्या काठाशी, पद्मावती देवीचं देऊळ आहे. तळं होण्याआधीपासून भोवतालच्या गावांची ही देवी. वसतिगृहातली मुलं परीक्षेआधी तिच्या पाया पडून जातात. पेरूबाग नावाची वस्तीही संस्थेच्या आवारातच आहे. तिरंदाज गाव आता पवईच्या उंच इमारतींमध्ये शोधावं लागतं. बारीक गल्ल्या, गावदेवीचं देऊळ, एखाद्या घराला अजून लाकडी खांबांची पडवी. कुणी विचारलं तर माणसं सांगतात, "आम्ही तिरंदाजचे," पवईचे म्हणत नाहीत.

तळ्यात मगरी आहेत. सकाळी उन्हं वर आली की त्या बेटांच्या कडेला येऊन पडतात. जलपर्णी दर वर्षी काढतात, दर वर्षी वाढते, कारण भोवतालचं सांडपाणी येणं थांबलेलं नाही. तळ्याच्या कडेने महापालिकेने सायकलमार्ग बांधायला घेतला होता. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये तो बेकायदा ठरवून काढून टाकायला सांगितलं, आणि निदान पाण्याची कड तेवढी मोकळी राहिली.

तळ्याच्या दक्षिणेला चांदिवली. इथे जुन्या दगडखाणींच्या जागी इमारतींची रांग आहे. राष्ट्रीय उद्यानातली अतिक्रमणं हटवावीत म्हणून १९९५ मध्ये याचिका झाली, १९९७ मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि हटवलेल्या झोपडपट्टीवासीयांना द्यायची घरं इथे बांधली गेली. त्या गर्दीत जंगलातले आदिवासीही मोजले गेले. सव्वादोनशे चौरस फुटांची खोली, नळ, वीज, संडास. ज्या बाईने पाच दशकं हंडा वाहिला तिला नळाचं सुख कळतं, आणि ते खोटं नाही. इथे भेटलेल्या एका वयस्कर काकांनी मला चौथ्या मजल्यावरचा गॅलरीतला डबा दाखवला. त्यात कुर्डू उगवला होता. कोंबड्या ठेवता येत नाहीत, ही त्यांची मुख्य तक्रार होती. दुसरी, माणूस गेला की अंगणात निजवायला अंगण नाही.

पुनर्वसनाच्या योजना आता आरेच्या पाड्यांसाठीही मांडल्या जातात, आणि त्यांत घर म्हणजे इमारतीतली खोली एवढंच धरलेलं असतं. पाड्यातलं घर खाचर, परसू, वाघोबा, वाट आणि झरा यांसकट घर असतं. ते जागेवर ठेवून पक्कं करता येईल: मेढी, कौलं आणि सारवलेला कूड ठेवून, आत नळ आणि वीज देऊन. वन हक्क कायदा २००६ चा आहे. जिथे जंगल आहे तिथे सामूहिक हक्क देऊन कारवी आणि बांबूची मर्यादित तोड त्यात बसते. पालघरकडच्या गावांतून कूड बांधणारे हात अजून आहेत. आजींच्या पाड्यात ते काम येणारी तिघं-चौघं उरली आहेत, आणि सगळी साठीच्या पुढची.

इकडे यायचं असेल तर पावसाळा सरता सरता यावं. तुळशी आणि विहारच्या काठावर महापालिकेच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. विहार एके काळी सहलीची जागा होती, सुरक्षेसाठी ती बंद झाली. आरेतलं छोटा काश्मीरचं तळं आणि पवईचा काठ खुला आहे. कान्हेरीला बोरिवलीच्या फाटकातून जावं आणि पाऊस पडत असताना जावं, म्हणजे पन्हळी चालू दिसतात. पाड्यात जायचं तर ओळखीच्या माणसाबरोबर, दिवसाउजेडी, आणि घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. ते नाहीच जमलं तर पहिल्या पावसानंतर गोरेगाव पूर्वेच्या बाजारात सकाळी लवकर जावं. शेवळांच्या जुड्या घेऊन ज्या बाया बसलेल्या असतात, त्यांना पाडा कोणता ते विचारावं. त्या सांगतात, आणि शेवळांबरोबर काकडं घ्यायला विसरू नका, नाहीतर घसा खाजेल, हेही सांगतात.